टिश्यूमधल्या साखरेच्या साखळ्या मोजतेय, पण मी कॅन्सर मोजतेय का दुसरंच काही?

शिवडी_लोकल, रात्री ११.५२

खूप महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. मोठं होईल पण पूर्ण वाचा प्लीज, कारण शुक्रवारी लॅब मीटिंग आहे आणि मला खरंच कळत नाहीये तिथे काय सांगू.

मी मुंबईतल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. काम तोंडाच्या कॅन्सरवर, मुख्यतः गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेतला, म्हणजे तंबाखूची गोळी जिथे दाबून ठेवतात तिथलाच. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचे मेणातले ब्लॉक आमच्याकडे येतात. ९ पेशंट, प्रत्येकाचा एक ट्यूमरचा ब्लॉक आणि एक लांबच्या मार्जिनचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या ट्यूमरपासून दूरच्या कडेचा, ज्याला आम्ही नॉर्मल म्हणतो. प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात ना, ग्लायकॅन, त्यातले एन-ग्लायकॅन बघतोय. ५ मायक्रॉनचा सेक्शन कापायचा, झायलीनने मेण काढायचं, बफरमध्ये गरम करायचं, मग पीएनजेस एफ या एन्झाइमचा अगदी बारीक फवारा मारायचा (ते साखळीला बुडाशी, प्रोटीनला जोडलेली असते तिथेच कापतं), ३७ डिग्रीला दमट डब्यात २ तास ठेवायचं, वर मॅट्रिक्सचा (लेसर शोषून घेणाऱ्या रसायनाचा) फवारा आणि मग माल्डी, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं मशीन. लेसर ठिपक्याठिपक्याने अख्ख्या सेक्शनवरून फिरतो, प्रत्येक ठिपक्यात कुठल्या वजनाचं किती आहे ते कळतं आणि त्याचा नकाशा होतो. पहिला नकाशा स्क्रीनवर आला तेव्हा मी उठून उभीच राहिले होते, कारण ट्यूमरचा आकार नुसत्या साखरेवरून स्पष्ट दिसत होता, काही रंगवलेलं नसताना.

आता अडचण. एकूण २४ हजार पिक्सेल (म्हणजे ते ठिपके), साधारण ६० ग्लायकॅन. त्यातले दोन ट्यूमरमध्ये सरळसरळ वाढलेत. एक १७४३.५८ वजनावर, म्हणजे मॅनोज या साखरेच्या ८ कड्या असलेला, आणि दुसरा १४८५.५३ वर, दोन फांद्यांचा, बुडाला फ्यूकोज आणि टोकाला गॅलॅक्टोज नाही असा (या पण साखरेच्याच कड्या). पी व्हॅल्यू (फरक नसताना नुसत्या योगायोगाने असं दिसण्याची शक्यता) इतकी छोटी आहे की सॉफ्टवेअर शून्यच दाखवतं. सर खूश आहेत, बायोमार्कर, म्हणजे रोगाची खूण, म्हणून लिहायला घ्या म्हणाले. पण आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी तीच स्लाईड मायक्रोस्कोपखाली बघितली आणि म्हणाल्या, अगं तू ट्यूमर कुठे मोजलास, तू सूज मोजलीस. एवढंच बोलून त्या ओपीडीच्या रिपोर्टिंगला गेल्या. तेव्हापासून झोप नाही. त्यांचं बरोबर असेल तर हे कसं तपासायचं?


जुना_मायक्रोटोम, सकाळी ६.१०

बेटा, मी ३१ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन होतो, आता रिटायर आहे. साखरेच्या साखळ्यांतलं मला फार कळत नाही पण ब्लॉक कळतात. तुझ्या मॅडम बरोबर बोलल्या असणार.

आधी हे सांग, मार्जिनच्या ब्लॉकमध्ये नक्की काय आहे ते तू बघितलंस का? गालाच्या लांबच्या मार्जिनमधून निम्म्या वेळा जे येतं त्यात वर आवरणाची एक पातळ पट्टी आणि खाली सगळं स्नायू, चरबी, लाळेच्या बारीक ग्रंथी. ट्यूमरच्या ब्लॉकमध्ये मात्र पेशी खच्चून भरलेल्या. तू दोघांचे सगळे पिक्सेल एकत्र करून तुलना केलीस तर कॅन्सर आणि नॉर्मल अशी तुलना झालीच नाही, ती पेशी आणि स्नायू अशी झाली. आवरणाची तुलना आवरणाशीच व्हायला पाहिजे. माल्डी झाल्यावर त्याच सेक्शनवरचं मॅट्रिक्स अल्कोहोलने धुऊन एच अँड ई (आमचा नेहमीचा जांभळा-गुलाबी रंग) करता येतं, ते कर, मॅडमना चहा घेऊन बसव आणि त्यांच्याकडून पेनाने हद्दी आखून घे, ट्यूमरची बेटं वेगळी, मधला स्ट्रोमा (आधार देणारा भाग) वेगळा, मेलेला भाग वेगळा, सूज वेगळी.

दुसरं, तोंडाच्या कॅन्सरभोवती प्लाझ्मा सेलची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची, गर्दी खूप असते. तंबाखूवाल्या तोंडात इन्फेक्शन, जखम, सगळंच चालू असतं. ती गर्दी तुझ्या मशीनला काय दिसते ते इथले बाकीचे सांगतील.

आणि तिसरं पावसाचं. जुलै चालू आहे. स्लाईड फ्रीजमधून काढून लगेच उघडलीस की मुंबईच्या हवेत अर्ध्या मिनिटात तिच्यावर दव धरतं. एन्झाइमने कापल्यावर तुझी साखर मोकळी झालेली असते ना, कशाला चिकटलेली नसते? मग त्या पाण्याबरोबर ती सरकणार, शेजारच्या जागेत जाणार. डबा बंद ठेवून आत सिलिका जेल घालून खोलीच्या तापमानाला येऊ दे आणि मगच उघड. आम्ही फ्रोझन सेक्शनला हेच करायचो.


पीक_बघते, सकाळी ९.३५, लोकलमधून लिहितेय

काकांनी प्लाझ्मा सेल म्हटलं आणि माझ्या डोक्यात लगेच १४८५ आलं. ताई, तुझं १४८५.५३ हे जगातल्या सगळ्यात ओळखीच्या ग्लायकॅनपैकी एक आहे, अँटिबॉडीवर म्हणजे आयजीजीवर बसणारं. त्याच्याबरोबर १६४७.५९ आणि १८०९.६४ पण वाढलंय का बघ, एकेक गॅलॅक्टोज जास्त, १६२ च्या पायरीने. तिन्ही एकत्र, एकाच जागी उजळत असतील आणि ती जागा मॅडमनी सूज म्हणून आखलेली निघाली, तर तू आयजीजी बनवणाऱ्या पेशींचा नकाशा काढलायस. नकाशा खराच आहे, फक्त तो ट्यूमरच्या पेशींचा नाही. एक लक्षात ठेव, वय वाढतं तसं आयजीजीवरचं गॅलॅक्टोज कमी होतं, त्यामुळे पेशंटचं वय न बघता या पीकवरून (म्हणजे ग्राफमधल्या टोकावरून) काही म्हणूच नकोस.

तसंच रक्ताचं. १६६३.५८ वर मोठं पीक असेल तर त्याच्यावर पटकन विश्वास ठेवू नकोस. रक्तातल्या ट्रान्सफेरिनवर दोन फांद्यांची साखळी असते आणि दोन्ही टोकांना सियालिक अ‍ॅसिड (ही पण एक साखरेचीच कडी). माल्डीत ते सियालिक अ‍ॅसिड सहज तुटून पडतं, प्रत्येकी २९१ चं वजन जातं, आणि उरलेली साखळी अशी दिसते जणू टिश्यूत मुळात तशीच होती. ज्यांना सियालिक अ‍ॅसिडबद्दल बोलायचंय ते आधी त्याला केमिकलने बांधून घेतात, त्यात २,३ आणि २,६ अशा जोडण्या पण वेगळ्या ओळखू येतात. तू बांधलं नसशील तर त्या पीकवर आत्ता वेळ घालवू नकोस.

१७४३ मात्र मला आवडलं. जास्त मॅनोजवाल्या साखळ्या कॅन्सरच्या पेशींमध्ये वाढलेल्या बऱ्याच लोकांना वेगवेगळ्या अवयवांत दिसल्यात. पण मशीन तुला वजन देतं, रचना देत नाही. मॅनोज, गॅलॅक्टोज, ग्लुकोज तिघांचं वजन सारखंच, प्रत्येकी १६२.०५. तू ८ मॅनोज म्हणतेस ते सवयीने म्हणतेस (मीसुद्धा म्हणते). खात्री करायचा स्वस्त उपाय म्हणजे एन्डो एच. शेजारचा सेक्शन घे आणि पीएनजेस एफच्या जागी एन्डो एच फवार. हे एन्झाइम जास्त मॅनोजवाल्या आणि हायब्रिड (एका बाजूला मॅनोज, दुसरीकडे वेगळी फांदी) साखळ्याच कापतं, आणि कापतं ते बुडाच्या दोन एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसामाइनच्या मधोमध, म्हणजे एक कडी प्रोटीनवरच राहते. तुझं १७४३.५८ खरं असेल तर ते २०३.०८ ने खाली सरकून १५४०.५० वर दिसायला हवं. आणि १४८५ वगैरे गायब झालेलं दिसायला हवं. दोन्ही झालं तर छाती ठोकून सांग.

आणि एन्झाइम न फवारलेला एक सेक्शन प्रत्येक बॅचला हवाच. मॅट्रिक्सचे स्वतःचे पीक कुठे कुठे येतात ते बघून तू चकित होशील. घाटकोपर आलं, उतरते.


बदलापूर_फास्ट, सकाळी १०.२०

मी सायन्सवाला नाही, बँकेत आहे. शोधत शोधत इथे आलो. वडिलांचं मार्चमध्ये गालाचं ऑपरेशन झालं, जबड्याचा थोडा भाग काढला, आता रेडिएशन संपलंय. तुम्ही जी साखर म्हणताय तीच का ही डायबिटीसवाली? कारण घरी आत्या, शेजारी, सगळे सांगतात गोड बंद करा, कॅन्सर साखर खातो, पेट स्कॅनमध्ये पण साखरच टोचतात. बाबांचं वजन ११ किलो कमी झालंय आणि त्यांना फक्त खीर आणि शिरा उतरतो घशाखाली. आई रोज रडते की ती त्यांना विष देतेय का. आणि एक विचारू का, राग मानू नका, हे जे तुकडे तुमच्याकडे येतात ते कुणाचे असतात, त्यांना माहीत असतं का?


पीक_बघते, सकाळी १०.५८

दादा, राग कसला. आधी आईंना सांगा की त्या विष देत नाहीयेत.

आम्ही जी साखर बघतो ती खाल्लेल्या साखरेची पातळी नाही. शरीरातली प्रत्येक पेशी तिच्या प्रोटीनवर साखरेच्या छोट्या कड्या एन्झाइम वापरून जोडते, ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने. तुमच्या माझ्या सगळ्यांच्या पेशी करतात, उपास असला तरी करतात. कॅन्सरच्या पेशीत ती जोडणारी यंत्रणा बदलते म्हणून साखळ्या वेगळ्या दिसतात. डायबिटीसमध्ये एचबीए१सी मोजतात तिथे साखर एन्झाइमशिवाय आपोआप चिकटलेली असते, तो प्रकार वेगळा. पेट स्कॅनचं खरं आहे. ग्लुकोजसारखाच एक पदार्थ फ्लोरिन-१८ लावून टोचतात, साधारण ११० मिनिटांत तो निम्मा होतो, आणि जिथे ग्लुकोज जास्त ओढलं जातं ती जागा उजळते, ट्यूमर ओढतोच. पण शिरा बंद केल्याने ट्यूमर उपाशी राहत नाही, रक्तातलं ग्लुकोज लिव्हर टिकवून धरतं. बाबांना डायबिटीस नसेल तर ११ किलो वजन जाणं हाच आत्ताचा मोठा धोका आहे. हॉस्पिटलच्या डायटिशियनला भेटा, शिऱ्यात तूप, दूध, प्रोटीन पावडर कसं वाढवायचं ते त्या नीट सांगतील.


शिवडी_लोकल, सकाळी ११.१५

दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण ते तुकडे माझ्या हातात असतात. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्र घेतात, त्यात रिपोर्टसाठी वापरून उरलेला ब्लॉक संशोधनाला वापरायचा का असं वेगळं विचारलेलं असतं, एथिक्स कमिटी ते तपासते. मला नाव कधीच दिसत नाही, नुसता नंबर, वय, तंबाखूची सवय. पण नंबर असला तरी मला त्यांची ओळख झाल्यासारखं वाटतं. एक ब्लॉक ३४ वर्षांच्या माणसाचा आहे, तो कापताना दर वेळी हात जपून चालतो, कारण टिश्यू थोडाच उरलाय आणि परत मिळणार नाही. म्हणूनच मला चुकीचं काही लिहायचं नाहीये. बाबांना लवकर बरं वाटू दे.


आकडेमोड, दुपारी १.४०

मी बायोस्टॅटिस्टिक्सवाला. मॅडम आणि काका जे म्हणाले त्याच्या आधीच तुमचा दुसरा एक घोळ आहे आणि तो जास्त मोठा आहे. तुमच्याकडे २४ हजार सँपल नाहीत. ९ आहेत. एका माणसाच्या गालातले दोन शेजारचे पिक्सेल ही दोन वेगवेगळी माणसं नाहीत. पिक्सेलला एन (सँपलची संख्या) धरलं की पी व्हॅल्यू शून्य येणारच, तिथे काहीच नसतं तरी आली असती. चुकीची गोष्ट फार वेळा मोजली की ती खात्रीची वाटायला लागते.

असं करा. मॅडमनी आखलेल्या हद्दींतून प्रत्येक पेशंटचा ट्यूमर एपिथेलियमचा (काका म्हणतात त्या आवरणाचा) एक आकडा आणि नॉर्मल एपिथेलियमचा एक आकडा काढा, मीडियन (मधला आकडा) चालेल. मग ९ फरक उरतात, त्यावर विलकॉक्सनची जोडीची टेस्ट लावा. आता गंमत नाही, खरंच हातात पेन घेऊन बघा. ९ च्या ९ पेशंटमध्ये ग्लायकॅन वाढला असला, एकही उलटा नसला, तरी या टेस्टची सगळ्यात लहान पी व्हॅल्यू २ भागिले ५१२ येते, म्हणजे ०.००३९. तुम्ही ६० ग्लायकॅन तपासलेत, म्हणून योगायोग टाळायला हद्द कडक करावी लागते; बोनफेरोनीच्या पद्धतीने ०.०५ ला ६० ने भागलं तर हद्द येते ०.०००८३. म्हणजे ९ पेशंटवर ही हद्द ओलांडणं शक्यच नाही, निसर्गाने पूर्ण साथ दिली तरी. ११ वर पण नाही, ०.०००९८ वर अडकता. १२ झाले की ०.०००४९, तेव्हा दार उघडतं. एफडीआर (खोट्या निकालांचं प्रमाण आवरणारी सौम्य पद्धत) वापरलंत तर थोडी सूट मिळते, ९ पेशंटवर निदान ५ ग्लायकॅन असे पाहिजेत की जे सगळ्यांच्या सगळ्यांत एकाच दिशेला गेलेत. त्यामुळे सरांना ब्लॉक वाढवून मागा, हे हट्ट करून मागण्यासारखं आहे.

नॉर्मलायझेशन (आकडे एका मापावर आणायची पद्धत) काय वापरलंत? टोटल आयन काउंट, म्हणजे सगळ्या सिग्नलच्या बेरजेने भागणं, असेल तर सावध. सगळ्यांची बेरीज १०० केली की एक वाढला तर बाकीचे आपोआप घटलेले दिसतात, खरे घटले नसले तरी. लॉग रेशो वापरा. आणि एका पेशंटचा ट्यूमर आणि नॉर्मल एकाच स्लाईडवर ठेवा, नाहीतर सोमवारचा फवारा आणि गुरुवारचा फवारा यातला फरक तुम्ही कॅन्सर म्हणून छापाल.


जुना_मायक्रोटोम, दुपारी ३.०५

आकडेमोड साहेब, हे ५१२ चं गणित मी पहिल्यांदा ऐकलं, वहीत लिहून घेतलं.

माझा एक साधा प्रश्न. ट्यूमर आहे की नाही हे तर आम्ही ६० रुपयांच्या रंगात दाखवतो. त्यासाठी कोट्यवधीचं मशीन कशाला?


पीक_बघते, संध्याकाळी ७.२०

काका, फार नेमकं विचारलंत, आणि ताईने शुक्रवारी हाच प्रश्न स्वतःहून मांडावा असं मला वाटतं. ट्यूमर आणि नॉर्मल यातला फरक ही फक्त पायरी आहे, पॅथॉलॉजिस्टला जे दिसत नाही ते सांगितलं तर बायोमार्कर. तोंडाच्या कॅन्सरमध्ये असा प्रश्न आपल्या परळमध्येच पडलेला आहे. मानेत गाठी लागत नाहीत अशा सुरुवातीच्या पेशंटची मान आधीच साफ करायची (म्हणजे मानेतल्या लिम्फच्या गाठी काढायच्या) का गाठ आल्यावर, यावर टाटा मेमोरियलची मोठी ट्रायल २०१५ मध्ये आली. आधीच साफ केलेल्या गटात ३ वर्षांनी ८० टक्के लोक जिवंत होते, वाट बघितलेल्या गटात ६७.५. त्यामुळे आता मान साफ करतात. पण त्यातल्या कितीतरी लोकांच्या मानेत काही निघतच नाही, आणि खांदा दुखणं, हात वर न जाणं हे त्यांना भोगावं लागतं. गालाच्या पहिल्या बायोप्सीतली साखळी बघून जर सांगता आलं की याच्या मानेत गेलंय आणि याच्या नाही, तर काका, मशीनचे पैसे वसूल.

आणि हे हवेतलं नाही. साखळी आणि पसरणं यांचा संबंध १९८७ पासून माहीत आहे, बीटा १,६ फांदी जास्त असलेल्या पेशी जास्त पसरतात हे तेव्हाच दाखवलं गेलं. आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्येही (टाटाचं संशोधन केंद्र) याच फांदीवर, मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशी फुप्फुसात कशा जाऊन बसतात त्यावर वर्षानुवर्षं काम झालंय. ही फांदी ओळखणारं लेक्टिन (ठरावीक साखरेला चिकटणारं प्रोटीन) राजम्यातून निघतं. ताई, लेक्टिन तुला खूप उपयोगी पडतील, बायोटिन लावलेलं आणायचं, डॅब या साध्या रसायनाने तपकिरी रंग येतो, काकांच्या मायक्रोस्कोपखाली दिसतं. शेंगदाण्याचं आणि फणसाच्या आठळीचं लेक्टिन ओ-ग्लायकॅनमधला (प्रोटीनला वेगळ्या जागी जोडलेल्या साखळ्यांतला) टी अँटिजेन हा छोटा तुकडा पकडतं, जो एन्झाइम फवारून तुला दिसणारच नाही कारण पीएनजेस एफ ओ-ग्लायकॅनला हात लावत नाही. आठळीतल्या त्या जॅकॅलिनची रचना १९९६ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीत सोडवली. आणि मसुराचं लेक्टिन तर दवाखान्यापर्यंत पोचलंय, लिव्हर कॅन्सरच्या एएफपी-एल३ टेस्टमध्ये फ्यूकोजवालं एएफपी (रक्तातलं एक प्रोटीन) त्यानेच वेगळं करतात. आपण ज्या चार गोष्टी कुकरला लावतो त्यातून हे निघतं याचं मला अजूनही फार अप्रूप आहे.

एक सावधगिरी मात्र सीए १९-९ या रक्ताच्या टेस्टची. तो पण साखरेचाच मार्कर, सियालिल लुईस ए, पॅनक्रियाजसाठी वापरतात. पण लुईस हा रक्तगट निगेटिव्ह असलेले लोक तो बनवूच शकत नाहीत, कॅन्सर कितीही वाढला तरी, आणि उलट साधी पित्ताची नळी तुंबली, कावीळ झाली तरी तो वाढतो. म्हणून पेशंटचा रक्तगट लिहून ठेवता आला तर ठेव, एबीओ आणि लुईस रक्तगट पण शेवटी साखरच आहेत.


शिवडी_लोकल, चौथ्या दिवशी, रात्री १०.१५

काल आणि आज मिळून काय झालं ते सांगते.

मॅडम तीन तास बसल्या माझ्याबरोबर, १८ स्लाईड, सगळ्या हद्दी आखून दिल्या. चहा मीच नेला, काका. दोन मार्जिनच्या ब्लॉकमध्ये आवरणच नव्हतं, नुसता स्नायू, ते बाद. म्हणजे पेशंट ७ च उरले.

१४८५ गेलं. १६४७ आणि १८०९ त्याच्याच बरोबर होते आणि तिघंही सुजेच्या हद्दीत भरलेले, ट्यूमरच्या बेटांत जवळजवळ काळोख. मॅडमचं शंभर टक्के बरोबर होतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं पण हलकंच वाटलं.

१७४३ उरलं. ७ पैकी ६ पेशंटमध्ये ट्यूमरच्या आवरणात नॉर्मल आवरणापेक्षा जास्त, एकात उलटं, तो ब्लॉक बाकीच्यांपेक्षा बराच जुना आहे, कारण तेच का ते कळायला आणखी जुने ब्लॉक बघावे लागतील. एन्डो एच अजून ऑर्डर करायचंय. पी व्हॅल्यू मी काढली पण मीटिंगमध्ये स्लाईडवर टाकली नाही, आकडेमोड सर, फक्त सात जोड्यांच्या सात रेषा दाखवल्या.

सर आधी गप्प होते. मग म्हणाले मानेच्या गाठींची माहिती किती ब्लॉकना आहे? मी म्हटलं रेकॉर्डमध्ये सगळ्यांना असणार, ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढलेल्याच असतात. तर आता एथिक्स कमिटीकडे सुधारित अर्ज लिहायचाय, ४० ब्लॉक, निम्म्यांच्या मानेत गेलेलं, निम्म्यांच्या नाही, आणि मोजताना कोणता कुठला ते मला माहीत नसणार, यादी मॅडमकडे राहील. मराठी संमतीपत्राचा मसुदा पण मीच लिहितेय. बदलापूरचे दादा, त्यात "उरलेल्या ऊतीचा वापर" असं वाक्य आहे, ते तुमच्या आईंना वाचून दाखवाल का? त्यांना कळलं नाही तर मी बदलते.


बदलापूर_फास्ट, रात्री ११.०२

वाचून दाखवलं. ऊती म्हणजे काय विचारलं तिने. "ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा" लिहा, ते कळलं. बाबा म्हणाले माझा असेल तर वापरा म्हणावं.